यमुनेला पूर आला म्हणजे नक्की किती पाणी आलं?

पावसाळ्यात उत्तरेकडच्या बातम्या लावल्या की दोन आकडे हमखास कानावर पडतात. हरियाणातल्या हथनीकुंड बॅरेजमधून (म्हणजे नदीवरच्या दरवाजांच्या बंधाऱ्यातून) इतके लाख क्युसेक पाणी सोडलं, आणि दिल्लीत यमुनेची पातळी इतके मीटर झाली. निवेदक दोन्ही एका दमात सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, पहिला आकडा वाढला की दुसराही त्याच हिशेबात वाढणार. गेल्या काही वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की हा हिशेब सपशेल कोलमडतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये हथनीकुंडला विसर्ग ८.२८ लाख क्युसेकवर गेला. दिल्लीत नदी २०६.६० मीटरपर्यंत चढली आणि उतरली. जुलै २०२३ मध्ये त्याच हथनीकुंडला सर्वाधिक विसर्ग होता ३.५९ लाख, म्हणजे निम्म्याहूनही कमी. तरी १३ जुलैला दिल्लीत पातळी २०८.६६ मीटर झाली. १९७८ सालचा २०७.४९ मीटरचा विक्रम सव्वा मीटरच्या आसपास मागे पडला, राजघाट आणि दिल्लीतला आयटीओ चौक पाण्यात गेले, लाल किल्ल्याच्या मागच्या भिंतीला पाणी लागलं. बरं, १९७८ साली वरून जे पाणी आलं होतं ते सुमारे सात लाख क्युसेक. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ३.२९ लाख क्युसेकवर पातळी २०७.४८ झाली, १९७८ च्या विक्रमाला एक सेंटिमीटर कमी.

निम्म्या पाण्यात दुप्पट हाहाकार कसा, हे समजून घ्यायचं तर आधी हे दोन आकडे वेगळे करायला हवेत.

विसर्ग म्हणजे किती, पातळी म्हणजे कुठपर्यंत

विसर्ग म्हणजे नदीच्या एका ठिकाणाहून दर सेकंदाला जाणारं पाणी. ते घनफुटांत मोजलं की क्युसेक, घनमीटरमध्ये मोजलं की क्युमेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, आणि एक क्युमेक म्हणजे ३५ क्युसेकच्या वर थोडं. म्हणजे लाख क्युसेक विसर्ग असेल तर दर सेकंदाला २८ लाख लिटर पाणी तुमच्यासमोरून जातंय.

महाराष्ट्रात आपल्याला टीएमसीची, म्हणजे अब्ज घनफुटांची सवय आहे. त्यात बसवायचं तर लाख क्युसेकचा विसर्ग पूर्ण चोवीस तास टिकला की साडेआठ टीएमसीहून थोडं जास्त पाणी वाहून जातं. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांची क्षमता मिळून २९ टीएमसीच्या आसपास आहे. २०२३ चा ३.५९ लाखांचा वेग दिवसभर तसाच राहिला असता, तर ही चारही धरणं मिळून त्या एका दिवसाला पुरली नसती.

इथे ‘टिकला असता’ हे महत्त्वाचं. क्युसेक हा वेगाचा आकडा आहे, साठ्याचा नाही. बातमीत येतो तो बहुतेक वेळा सर्वांत वरचा, एखाद्या तासाचा आकडा असतो. तो एक तास टिकला की वीस तास, यावर एकूण पाणी ठरतं आणि हे बातमीत सहसा नसतं. माझ्या मते पुराच्या वार्तांकनातली सगळ्यात मोठी गळती हीच आहे.

पातळी ही त्याहून साधी गोष्ट. पाण्याचा पृष्ठभाग किती उंचीवर आहे, एवढंच ती सांगते. पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी वाचायची.

२०८ मीटर कुठून मोजले?

नदी २०८ मीटर खोल झाली, असा समज करून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यात त्यांची चूक नाही. कोल्हापूरकर पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत वाचतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. दिल्लीतला आकडा मात्र समुद्रसपाटीपासून मोजलेला आहे. २०५ मीटर म्हणजे समुद्रसपाटीपासून २०५ मीटर उंचीवर नदीचं पाणी. दिल्ली शहरच त्या उंचीवर वसलेलं आहे.

म्हणून तिथे पाहायचा असतो तो फरक. जुन्या यमुना पुलापाशी, म्हणजे दिल्लीकर ज्याला लोहे का पुल म्हणतात आणि जो १८६६ पासून उभा आहे, इशारा पातळी २०४.५० मीटर आहे, धोक्याची पातळी २०५.३३. पाणी २०६ ला पोचलं की नदीकाठची वस्ती हलवायला सुरुवात होते. २०८.६६ म्हणजे धोक्याच्या खुणेपेक्षा ३.३३ मीटर वर. जवळजवळ अकरा फूट.

आता विसर्ग मोजतात कसा? नदीच्या पात्राचा आडवा छेद काढायचा, ठिकठिकाणी पंख्यासारखं छोटं यंत्र पाण्यात सोडून प्रवाहाचा वेग मोजायचा, आणि क्षेत्रफळाला वेगाने गुणायचं. पूर आलेल्या नदीत दर तासाला हे करणं शक्य नसतं. मग वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून एक आलेख बनवून ठेवलेला असतो, अमुक पातळीला साधारण तमुक विसर्ग. पातळी वाचायची आणि आलेखावरून विसर्ग काढायचा. हथनीकुंडसारख्या बॅरेजवर दरवाजे किती उघडले आणि पाण्याची उंची किती, यावरून सूत्राने विसर्ग काढतात.

त्यातली मेख अशी की पात्र बदललं की आलेख जुना होतो. गाळ साचला, भर टाकली, मधे पुलाचे खांब आले, वाळू उपसली, की कालची पातळी आजचा विसर्ग सांगेनाशी होते.

मग २०२३ साली झालं काय?

घरातली मोरी डोळ्यासमोर आणा. एक बादली पाणी ओतलं तर मोरी मोकळी असताना ते सुळकन निघून जातं. जाळीत केस आणि साबणाचा लगदा अडकलेला असेल तर तीच बादली घोट्यापर्यंत पाणी चढवते. आणि तुंबलेल्या मोरीत अर्धी बादली जरी सावकाश, न थांबता ओतत राहिलात, तर उंबरा ओलांडून पाणी बाहेर येतं. बादली किती मोठी होती, हा प्रश्न तिथे जवळपास गैरलागू ठरतो.

२०२३ मध्ये दिल्लीत हे सगळं एकदम जुळून आलं. आधी पाऊस. ९ जुलैला सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत दिल्लीत १५३ मिलिमीटर पाऊस झाला. १९८२ नंतर जुलैत एका दिवसात इतका पाऊस पडला नव्हता. त्याच दिवसांत पश्चिमेकडून आलेला वाऱ्यांचा झंझावात आणि मॉन्सून एकत्र आले आणि हिमाचलमध्ये कहर झाला. म्हणजे वरून पाणी निघालं तेव्हा खाली दिल्लीची गटारं आणि नाले आधीच भरलेले.

दुसरं, हथनीकुंडचा विसर्ग एकदा वर गेला तो एका झटक्यात खाली आला नाही. लाखाच्या वर तो दोन दिवसांहून जास्त राहिला. शिखर तुलनेने ठेंगणं, पण रुंद. नदीच्या दृष्टीने अशा पुराचं वजन जास्त असतं.

तिसरं कारण केंद्रीय जल आयोगाच्या अधिकाऱ्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. पाणी हथनीकुंडहून दिल्लीला पोचायला नेहमीपेक्षा कमी वेळ लागला, आणि पोचल्यावर त्याला जायला जागा कमी होती. अतिक्रमण आणि गाळ. हथनीकुंड ते दिल्ली अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि पाण्याला ते कापायला एरवी दोन ते तीन दिवस लागतात. या वाटेत नदी दोन्ही काठांवर पसरते, शेतात शिरते, खड्ड्यांत थांबते आणि पुराचा माथा बोथट होत जातो. पसरायला जागा उरली नाही की पाणी सरळ आणि वेगाने खाली येतं.

चौथं कारण सगळ्यात गाजलं, कारण ते फोटोत दिसत होतं. जुन्या पुलाच्या खालच्या अंगाला आयटीओ बॅरेज आहे. त्याला ३२ दरवाजे. त्यातले पाच गाळात रुतून बसले होते, उघडेनात. शेवटी लष्कर आणि नौदलाच्या पाणबुड्यांना बोलवावं लागलं. पातळी मोजायची पट्टी या बॅरेजच्या वरच्या बाजूला आहे, त्यामुळे खाली अडलं की पट्टीवरचा आकडा चढणार हे उघड होतं. पण सगळं खापर पाच दरवाजांवर फोडणंही सोयीचं आहे. दिल्लीतच वझीराबाद ते ओखला या बावीस किलोमीटरच्या पट्ट्यात तीन बॅरेज आणि वीसहून अधिक पूल आहेत. प्रत्येकाचे खांब, प्रत्येकाला जोडणारे भराव. रिंग रोडचा बराचसा भाग नदीच्या जुन्या जागेत आहे. लाल किल्ला बांधला तेव्हा यमुना त्याच्या तटाला लागून वाहत होती. नंतर ती पूर्वेकडे सरकली आणि मोकळ्या जागेत शहर उतरलं. जुलै २०२३ मध्ये पाणी तिथे गेलं ते वाट चुकून गेलं नव्हतं.

‘हरियाणाने पाणी सोडलं’ यात कितपत तथ्य?

दरवर्षीचा वाद. दिल्ली म्हणते हरियाणाने मुद्दाम पाणी सोडलं, हरियाणा म्हणतं वरून आलं ते गेलं. राजकारण बाजूला ठेवून बांधकाम पाहिलं तर उत्तर बरंचसं मिळतं.

धरण पाणी साठवतं. बॅरेज साठवत नाही. ते नदीचं पाणी थोडं उंच करून कालव्यात वळवतं. हथनीकुंड हे बॅरेज आहे, हरियाणाच्या यमुनानगर जिल्ह्यात, १८७३ सालच्या ताजेवाला बॅरेजच्या जागी अलीकडे बांधलेलं. त्याच्या दोन बाजूंनी दोन कालवे निघतात. पश्चिम यमुना कालव्याचं मूळ चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाच्या काळापर्यंत जातं. पूर्व यमुना कालवा इंग्रजांनी १८३० मध्ये सुरू केला.

वरून येणारं पाणी लाख क्युसेकच्या पुढे गेलं की कालव्यांची तोंडं बंद करतात. कारण त्या पाण्याबरोबर दगडगोटे येतात आणि ते कालव्यात शिरले तर कालवाच निकामी होतो. मग सगळं पाणी नदीत. दिल्लीवाल्यांचा आक्षेप असतो की कालवे चालू ठेवले असते तर आमच्याकडे कमी आलं असतं. आलं असतं, पण दोन्ही कालव्यांत मावणारं पाणी काही हजार क्युसेकांच्या हिशेबात असतं. साडेतीन लाखांतून ते वजा केल्याने पट्टीवर फार फरक पडला नसता.

तेव्हा ‘सोडलं’ हे क्रियापद इथे दिशाभूल करतं. कोयनेचे किंवा खडकवासल्याचे दरवाजे उघडताना अधिकाऱ्याला निवडीला थोडी जागा असते, कधी आणि किती. हथनीकुंडला ती जवळजवळ नसते. तिथला अभियंता पुराची मोजणी करतो आणि खाली कळवतो. हा निरोप मात्र फार मोलाचा. दिल्लीच्या पूर नियंत्रणात लाख क्युसेकला पहिला इशारा, तीन लाखांना दुसरा, पाच लाखांना तिसरा अशी पद्धत आहे, आणि त्या निरोपामुळे शहराला दीड-दोन दिवस मिळतात. पृथ्वीवरच्या फारच थोड्या महानगरांना पुराची इतकी आगाऊ सूचना मिळत असेल.

हे पाणी येतं कुठून?

यमुना उगम पावते उत्तराखंडात बंदरपूंछच्या अंगावरच्या यमुनोत्री हिमनदीतून, आणि १,३७६ किलोमीटर वाहून प्रयागराजला गंगेला मिळते. शाळेत आपण एवढंच शिकतो, आणि त्यामुळे वाटतं की दिल्लीत वाहतं ते बर्फाचं पाणी. वरच्या खोऱ्यात ते काही अंशी खरं आहे. पण डोंगर उतरायच्या आत तिला टोन्स मिळते, आणि संगमापाशी टोन्समध्ये यमुनेपेक्षा जास्त पाणी असतं. गिरी आणि आसन याही तिथेच येतात. या सगळ्यांना भरणारा मुख्य पुरवठा पावसाचा. हिमनदी उन्हाळ्यात धार तुटू देत नाही, पूर आणतो तो मॉन्सून.

दिल्लीच्या वर नदी कशी वागते हे कळायला आकडेवारीचा एक चांगला कागद आहे, १९९४ चा पाणीवाटप करार. मे महिन्यात पाच राज्यांनी ओखल्यापर्यंतचं वापरता येण्याजोगं पाणी वाटून घेतलं: वर्षाला ११.९८ अब्ज घनमीटर, म्हणजे ४२० टीएमसीच्या थोडं वर. हरियाणाला ५.७३, उत्तर प्रदेशला ४.०३, राजस्थानला १.१२, दिल्लीला ०.७२ आणि हिमाचलला ०.३८. करारात हे हंगामवार दिलं आहे. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांच्या वाट्याची बेरीज केली तर ती ९ अब्जांच्या वर जाते. म्हणजे वर्षाचं तीन चतुर्थांश पाणी चार महिन्यांत, आणि उरलेल्या आठ महिन्यांत सगळ्यांनी मिळून एक चतुर्थांशात भागवायचं.

नदीच्या या उतरत्या पाण्याशी मराठी इतिहासाची एक गाठ आहे. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊंना इटाव्याच्या बाजूने यमुना ओलांडून अब्दालीला गाठायचं होतं. गोविंदपंत बुंदेल्यांना नावा जमवायला सांगितलं होतं. नदीला पूर आला आणि तो बेत राहिला. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली तरी अब्दाली पलीकडे, मराठे अलीकडे, मधे भरलेली यमुना. ऑक्टोबरात भाऊंनी उत्तरेला जाऊन कुंजपुरा घेतला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस बागपतपाशी अब्दाली सैन्यासह नदी उतरून आला. पुढे मराठ्यांची दक्षिणेची वाट अडली. पानिपताला कारणं अनेक आहेत, पण ऑक्टोबरात यमुनेचं पाणी किती झपाट्याने उतरतं हे दोन्ही छावण्यांनी सारखंच ओळखलं होतं का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आणि उन्हाळ्यात १३७ क्युसेक

जून २०२४. दिल्लीत उष्णतेची लाट, टँकरपुढे रांगा, आणि दिल्ली सरकार सर्वोच्च न्यायालयात. न्यायालयाने हिमाचलला आपल्याकडचं जादा १३७ क्युसेक पाणी सोडायला सांगितलं. आठवड्याभरात हिमाचलने कळवलं की तेवढं जादा पाणी आमच्याकडे नाही.

वर्षभरापूर्वी याच नदीतून ३.५९ लाख क्युसेक गेलं होतं. त्याला १३७ ने भागलं तर सव्वीसशेपट भरतं. इतक्या थोड्या पाण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं, याचं नवल वाटतं. पण १९९४ च्या करारातला दिल्लीचा मार्च ते जूनचा वाटा पाहा: ०.०७६ अब्ज घनमीटर. चार महिन्यांवर सारखा पसरला तर तो सरासरी २५५ क्युसेक होतो. त्या तुलनेत १३७ हा आकडा मुळीच किरकोळ नाही, अर्ध्याहून जास्त आहे. आणि उलट बाजूने पाहिलं तर दिल्लीचा हा सबंध उन्हाळ्याचा वाटा २०२३ च्या पुराच्या माथ्याच्या वेगाने दोन तासांत वाहून गेला असता.

दिल्ली फक्त यमुनेवर जगत नाही. गंगेचं पाणी उत्तर प्रदेशातून कालव्याने येतं, रावी-बियासचं भाक्रामार्गे येतं. यमुनेचं पाणीही उन्हाळ्यात बरंचसं नदीतून न येता हरियाणातल्या मुनक कालव्यातून येतं. त्यामुळे दिल्लीत उन्हाळ्यात जी पातळी चर्चेत असते ती वेगळीच, वझीराबाद बॅरेजच्या वरच्या तळ्याची. ती समुद्रसपाटीपासून ६७४.५ फूट ठेवायची असते. तिथून जलशुद्धीकरण केंद्रं पाणी उचलतात. मीटरमध्ये केलं तर हे २०५.६ होतं, म्हणजे जुन्या पुलावरच्या धोक्याच्या पातळीपेक्षा जास्त! पावसाळ्यात या आकड्याने घबराट आणि उन्हाळ्यात याच आकड्यासाठी धडपड, असा घोळ होऊ नये म्हणून कुठली पट्टी, बॅरेजच्या वरची की खालची, हे विचारायचं.

वझीराबादच्या खाली नदीत काय वाहतं?

पावसाळा सोडला तर वझीराबादच्या दरवाजांपलीकडे यमुनेचं स्वतःचं पाणी जवळपास जात नाही. लगेच खाली नजफगढचा नाला येऊन मिळतो आणि तिथून पुढे बावीस किलोमीटर जे वाहतं त्यात सांडपाणी मोठ्या प्रमाणात असतं. नदीच्या लांबीचा हा दोन टक्केही भाग नाही, पण यमुनेच्या एकूण प्रदूषणातला सुमारे तीन चतुर्थांश भार इथेच पडतो असं सरकारी अहवाल सांगतात. छठच्या दिवसांत टीव्हीवर दिसणारा पांढरा फेस तो इथला. पुरानंतर काही आठवडे नदी स्वच्छ दिसते, आणि मग कुणीतरी म्हणतं की निसर्गानेच साफ केली. ती विरळ झालेली असते, एवढंच.

इटाव्याच्या पुढे चित्र पालटतं. तिथे चंबळ येते. यमुनेच्या एकूण खोऱ्यातला सुमारे चाळीस टक्के भाग एकट्या चंबळेचा आहे. त्याच टापूत सिंध, क्वारी, पहूज, पुढे बेतवा आणि केन. या सगळ्या दक्षिणेकडून, माळवा आणि बुंदेलखंडातून येणाऱ्या नद्या. त्यामुळे प्रयागराजच्या संगमावर यमुना गंगेपेक्षा जास्त पाणी घेऊन येते, आणि त्या पाण्याचा हिमालयाशी फारसा संबंध नसतो. दिल्लीची यमुना आणि प्रयागची यमुना या नावाने एक, पाण्याने दोन नद्या म्हणाव्यात अशी अवस्था आहे.

गाळ काढला, भिंती उंच केल्या, तर?

बॅरेजच्या दरवाजांपाशी आणि पुलांखाली साचलेला गाळ काढायलाच हवा, २०२३ ने ते पुरेसं पटवलं. पण सबंध पात्र खोल करण्याची योजना हिमालयातून येणाऱ्या नदीला लागू पडत नाही. दर पावसाळ्यात ती नवा गाळ आणते. काढलेला गाळ काठावरच टाकला तर तो पुढच्या पुरात परत आत येतो.

तटबंध उंच करण्याचा मार्ग १९७८ नंतर दिल्लीने घेतलाच. त्याने तटबंधामागच्या वस्त्या वाचतात. पण दोन भिंतींच्या मधल्या पाण्याला मग वर चढण्याशिवाय मार्ग नसतो, आणि भिंतीबाहेरचे नाले नदीची पातळी त्यांच्यापेक्षा उंच झाल्यावर उलटे वाहू लागतात. २०२३ मध्ये आयटीओ भागात पाणी शिरलं त्यात एका नाल्याच्या तुटलेल्या नियंत्रक दरवाजाचा वाटा होता.

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत जुलै २०२४ मध्ये पाणी भरलं तेव्हा निळी रेषा, लाल रेषा हे शब्द घरोघरी पोचले. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. यमुनेच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०१५ मध्ये हाच पंचवीस वर्षांचा निकष धरून पूरमैदान आखायला आणि तिथे नवं बांधकाम थांबवायला सांगितलं. तोवर मैदानात मंदिर, खेळाडूंचं निवासी संकुल, मेट्रोचे डेपो उभे राहिले होते. ती आता हलणार नाहीत. जी जागा अजून मोकळी आहे तिचं काय करायचं, एवढाच प्रश्न हातात आहे, आणि तिथेही नदीकाठ सुशोभित करण्याच्या योजना अधूनमधून डोकं वर काढतात.

धरणं बांधून दोन्ही प्रश्न सुटतील का?

पावसाळ्यात अडवायचं आणि उन्हाळ्यात सोडायचं, हे कागदावर इतकं सरळ दिसतं की आजवर झालं का नाही असंच वाटावं. यमुनेच्या वरच्या खोऱ्यात मोठा साठा करणारं एकही धरण चालू नाही. तीन प्रस्ताव दशकानुदशकं आहेत: यमुनेवर लखवाड, टोन्सवर किशाऊ, गिरीवर रेणुकाजी. लखवाड आणि रेणुकाजी यांना अलीकडे गती मिळाली आहे.

उन्हाळ्याच्या टंचाईला त्यांचा उपयोग होईल, यात शंका नाही. लखवाडचा वापरता येणारा साठा सुमारे ३३ कोटी घनमीटर, साडेअकरा टीएमसी. दिल्लीच्या मार्च ते जूनच्या वाट्याच्या चौपटीहून जास्त. पुराला मात्र तो अपुरा आहे. लाख क्युसेकच्या विसर्गात हे धरण रिकामं असलं तरी दीड दिवसाच्या आत भरेल, आणि साडेतीन लाखांच्या पुरात नऊ-दहा तासांत. शिवाय धरण उन्हाळ्यासाठी भरून ठेवायचं की पुरासाठी रिकामं ठेवायचं, हा पेच कोयना आणि अलमट्टीच्या निमित्ताने सांगली-कोल्हापूरकरांनी भोगलेला आहे. तरुण हिमालयातला भूकंपप्रवण पट्टा, बुडणारी गावं आणि जंगल हा खर्च वेगळाच.

१९९४ च्या करारात आणखी एक कलम आहे. वर साठे तयार होतील तसं हथनीकुंडच्या आणि ओखल्याच्या खाली नदीत वर्षभर पाणी वाढवत न्यायचं, दहा क्युमेकपर्यंत, म्हणजे ३५३ क्युसेक. पुढे रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने अभ्यास करून सांगितलं की कोरड्या दिवसांत हथनीकुंडहून २३ क्युमेक, म्हणजे ८१२ क्युसेक सोडायला हवेत. कोणत्याही राज्याने मागणी केली तर २०२५ नंतर कराराचा फेरविचार होऊ शकतो, असं त्यातच लिहिलेलं आहे. वाटे आधीच ठरलेले असल्यामुळे हे वाढीव साडेचारशे-पाचशे क्युसेक कुणाच्या तरी कालव्यातून कमी करावे लागतील, आणि सगळ्यात मोठा कालवा हरियाणाचा आहे.